माहुतेआच्या टापूंची नावं

३ जून १९३६

उतरलो एकदाचे! आत शिरायला वाटच नाही – लाट बघून होडी सरळ खडकावर घालायची. माझ्या भावानं, तेइवानं, आईला पाठीवर घेतलं. मला, बहिणीला, विचारलंसुद्धा नाही!

तीस वर्षांपूर्वीच्या वादळापासून माहुतेआवर माणूस नाही. इथं जन्मलेल्यांत आई एकटीच उरली. दहा दिवसांनी जमिनीचा न्यायाधीश येणार. सतरा टापूंची, म्हणजे बेटावरच्या जमिनीच्या तुकड्यांची, नावं आईनं सांगायची, मी लिहायची. नावं ठाऊक तोच मालक, मग बेट आमचं.

४ जून

"आई, हा टापू कुठला?"

"वाळू आहे."

तेइवा हसला. मला नाही हसू आलं.

७ जून

अळूचे जुने खड्डे सापडले. गोडं पाणी लागेपर्यंत खणलेले – चाळीस तरी असतील! आजोबांचं घर तर सहा माणसांचं. एवढं अळू खायचं कोण? आईला विचारलं, तर उठून चालती झाली. शिंपल्याचा एक गळ मिळाला, तोही टाकायला लावला. "ठेव तिथं. आपला नाही तो."

तेइवा म्हणतो, "म्हातारीचं डोकं गेलंय. आपणच ठेवू नावं. साहेबाला काय कळतंय?"

देवा, माझ्याही मनात तेच आलं होतं.

८ जून

विहीर मचूळ. आई जेवत नाही.

१० जून

कशाला आणलं तिला?

११ जून

सकाळी आईनं सतराही नावं एका दमात सांगितली. मी लिहीत सुटले. मग म्हणाली, "विसरले नव्हते गं पोरी. पण ही नावं आपली नव्हेत. इथं दोनशे माणसं होती. माणसं पळवणारं जहाज आलं, माझा बाप त्यावर दुभाष्या. 'चला, वर्षभराचं काम आहे,' म्हणाला. एकही परतलं नाही. त्याबदल्यात बापाला बेट मिळालं. एका आंधळीला तेवढं मागे टाकलं होतं. मी झाले, मोठी झाले, तिनं मला नावं शिकवली. कुणी परत आलं तर सांग, म्हणाली."

तेइवा ओरडला, "सत्तर वर्षं झाली! कोण येतंय आता? गावात वीतभर जमीन नाही, माझी चार पोरं कुठं राहायची?"

आई उठून खड्ड्यांकडे गेली. मीही.

१२ जून

माझ्याच अक्षरातली यादी. बघवत नाही.

१३ जून

न्यायाधीश आला. साहेबानं विचारलं, "तुमच्या आधी इथं कोण होतं?" आईनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "कुणी नाही."