तडकलेल्या ठशाचं उपरणं

मांडवी, माघ शुद्ध पंचमी, संवत १७८१

चि. हीरजीस, वडीलभाऊ वाघजीचे अनेक आशीर्वाद.

छापील कापड घेऊन तुझ्याकडे मोखा बंदरातल्या दुकानी निघालेल्या आपल्या बापूजींचं गलबत लुटारूंनी वाटेत गाठलं. बापूजींचा गळा चिरून त्यांना समुद्रात ढकललं. सलीम नावाचा एक खलाशी तेवढा फळीला धरून वाचला आणि उघडाबोडका इथं पोचला. मारेकऱ्यानं बापूजींचं उपरणं ओढून आपल्या डोक्याला बांधलं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं.

तेच ते, डाळिंबाच्या तडकलेल्या ठशाचं. तड्यामुळे प्रत्येक डाळिंबातून पांढरी रेघ जाते. एवढं एकच छापून तो लाकडी ठसा बापूजींनी त्याच रात्री चुलीत घातला होता, म्हणजे तसं दुसरं जगात नाही. कुणाच्या अंगावर दिसलं तर सोडू नकोस.

बापूजींचा शेवटचा निरोप सलीम आम्हाला सांगत नाही. धाकट्या मुलालाच सांगेन, असा शब्द दिलाय म्हणतो. ताप उतरला की तिकडे येईल. घरावर माया असू दे.

मोखा, वैशाख वद्य नवमी

ति. मोटाभाईंस हीरजीचा सा. न. वि. वि.

बापूजींचा सूड घेतला. काल एक दाढीवाला दुकानात शिरला. खांद्यावर डाळिंबं, प्रत्येकात पांढरी रेघ! बापूजींचं नाव घेत, हात पसरून पुढे आला. माझं डोकंच फिरलं. गाठोडी सोडायचा सुरा त्याच्या पोटात खुपसला. तो काही सांगू बघत होता. मी तोंड दाबून आणखी तीनदा भोसकलं. बोट कापलं तरी रडतो म्हणून चिडवायचात ना मला? आता चिडवा.

उपरणं पाठवतोय. भाभींना सांगा, धुऊन देवाजवळ ठेवा. सलीम अजून आला नाही. निरोपासाठी जीव आसुसलाय. लोभ आहेच, तो वाढवावा.

मांडवी, भाद्रपद शुद्ध दशमी

हीरजी,

आशीर्वाद कोणत्या तोंडानं लिहू?

उपरणं बघताच तुझ्या भाभीनं हंबरडा फोडला. ठसा तडकला त्या दिवशी रंग उरला होता. टाकवेना, म्हणून ठसा चुलीत जाण्याआधी तिनं बापूजींच्या नकळत आणखी एक छापून पेटीत लपवलं. काठाला तिचीच लाल टीप आहे. फाल्गुनात सलीम निघाला तेव्हा त्याच्या अंगावर धड कापड नव्हतं. तिनं ते त्याच्या खांद्यावर घातलं आणि म्हणाली, हीरजीभाई यावरूनच तुला ओळखतील.

सोडू नकोस असं मीच लिहिलं. अर्धं पाप माझं. पण तोंड दाबण्याआधी तो काय बोलला, हीरजी? एखादा शब्द तरी आठवून कळव.

तुझा,
वाघजी