आत्याचा राजीनामा आणि तपासनीसांचा रुमाल

तीर्थरूप आत्यास,

बसल्या जागेवरून नमस्कार (वाकून केला असता, पण टेबलाखाली वायरींचं जंजाळ आहे). गुडघे कसे आहेत? माझी तब्येत उत्तम. हे पत्र ब्रेलमध्ये टोचून टोचून मनगट तेवढं भरून आलंय.

तू राजीनामा ब्रेलमध्ये लिहून टाइप करून आणायला बाबांकडे दिलास, हे मला माहीत नाही असं समजून पुढचं वाच. दवाखान्यातल्या नव्या कॉम्प्युटरवर शब्दांऐवजी चित्रं आली आणि पडद्यावरचे शब्द ठिपक्यांत उठवणारी तुझ्या बोटांखालची ब्रेलपट्टी मुकी झाली, तेव्हा तिला बोलती करायची बढाई मीच मारली होती. केलीही! पडद्यावरचं सगळंच्या सगळं तिच्यावर आणलं: डावीकडे निळी पेटी, कडा गोल, खाली किंचित सावली. पट्टीवर एका वेळी मावतात जेमतेम पाच-सहा शब्द. पेशंटला नंबर द्यायच्या बटणापर्यंत तू पोचेतो तो आपोआप बरा होऊन घरी गेला असता. ऑफिसात आमचं काम वापरून तपासणारे तपासनीस (जन्मापासून अंध, जिभेला धार) म्हणाले, "बाई, मला दुकानात शिरायचंय आणि तुम्ही पाटीचा रंग कसला सांगत बसलाय?"

मी तोऱ्यात म्हटलं, मलाही ब्रेल वाचता येतं. त्यांनी खिशातला रुमाल काढून पट्टीवर पसरला आणि म्हणाले, आता वाचा. आत्या, रुमालाखाली बोटांना नुसती खरखर लागली! आमचं अख्खं ऑफिस ब्रेल डोळ्यांनी वाचत होतं आणि पट्टीही डोळ्यांनीच पास करत होतं.

तेव्हापासून रोज रुमाल. रंग, सावल्या, गोल कडा, सगळ्यांना नारळ दिला. आता पट्टी एवढंच सांगते, की तू कुठे आहेस आणि इथे काय करता येतं. परवा तपासनीस "हं" म्हणाले. त्या एका "हं"वर ऑफिसात सगळ्यांना चहा झाला.

बाकी क्षेम. माझा कसलाही आग्रह नाही, तुझा निर्णय घ्यायला तू समर्थ आहेस.

तुझी आगाऊ भाची

ता. क. सोमवारी पट्टी घेऊन तुझ्या टेबलाशी येते आहे. हवं तेवढं रागाव, पण दिवसभर वापरून बघ. तू मला त्याच खुर्चीत हवी आहेस.

ता. क. (शेवटचा) बाबांना ब्रेल कुठलं येतंय, राजीनामा टाइप करायला माझ्याकडेच आला. रुमालाखाली बोटाने पुरता वाचलेला माझा पहिला कागद तोच. "माझ्यामुळे कुणाचा खोळंबा नको" या ओळीशी फार वेळ अडले. कागद भिजला, ठिपके बसले आणि ती ओळ आता कुणाच्याच बोटाला लागत नाही. मग मी टाइप काय करू?