सात नंबरची लाइन

सोमवार, ३ तारीख
आज नव्या नोकरीवर रुजू झालो. वय बहात्तर, तरी ‘रुजू’ हा शब्द लिहिताना शाळेतली कोरी वही उघडल्याचा वास आला. वीज कंपनीने बंद पडलेल्या वीजघराच्या कंट्रोल रूमचं संग्रहालय केलंय. येणाऱ्यांना जुनी यंत्रं समजावून सांगायची, एवढंच काम. राहायला मागेच दोन खोल्या, खिडकीत ऊन. मी ज्या उपकेंद्रात तीस वर्षं ऑपरेटर होतो, तिथलं पॅनेलही इथे आणून उभं केलंय. पितळी दांडे हजेरीला उभ्या राहिलेल्या पोरांसारखे ओळीत. ही म्हणाली, सासरी माहेरची भांडी दिसावीत तसा चेहरा झालाय तुमचा.

गुरुवार, ६
दहा-बाराजण आले होते. त्यांना सांगितलं, खांबावर चढण्याआधी लाइनमन फोन करून परवानगी घ्यायचा. मग ऑपरेटर दांडा खाली ओढून लाइन बंद करायचा आणि दांड्यावर पाटी टांगायचा, ‘माणूस कामावर आहे’. काम संपल्याचा फोन त्याच माणसाने केल्याशिवाय पाटीला हात लावायचा नाही, मग खुद्द मोठे साहेब समोर उभे असोत. एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, कधी चूक नाही झाली? मी म्हणालो, कवितेत एखादी मात्रा चुकली तर खपते, इथे नाही. सगळे हसले. ही हसली नाही. तिचा धाकटा भाऊ लाइनमन होता, सात नंबरच्या लाइनवर शॉक लागून गेला. चौकशीत चूक त्याचीच ठरली. काम संपल्याचं कळवून पुन्हा वर चढला म्हणे.

रविवार, ९
सात नंबरच्या दांड्यावर पाटी टांगलेली दिसली. काढून कपाटात ठेवली. झाडणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आजोबा, मला माझी कामं थोडी आहेत का.

सोमवार, १०
पाटी पुन्हा तिथेच. कपाटाला कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला.

बुधवार, १२
दुपारी चारला पॅनेलवरचा फोन वाजला. त्याची तार केव्हाच कापलेली आहे. उचलला. भावोजी, मी अजून वरच आहे, असं म्हणाला. जेवायला थांबू नका म्हणावं, तितक्या सहज.

गुरुवार, १३
लिहूनच टाकतो. हिचा भाऊ गेला त्या दिवशी चारला रेडिओवर माझी कविता वाचणार होते. जन्मातली पहिली. आमचं घर सात नंबरवरच. ही रेडिओपुढे बसलेली आणि लाइन बंद. त्याचा फोन आला नव्हता. वाटलं, एव्हाना उतरला असेल, आळस करतोय फोनचा. चारला पाच मिनिटं कमी असताना मी पाटी काढली आणि दांडा वर चढवला.
हिने कविता पूर्ण ऐकली.
चौकशीत मी सांगितलं, त्याचा फोन आला होता. एकेचाळीस वर्षं ही भावाच्या धांदरटपणाला बोल लावते आहे, आणि मी मान डोलावतो.

शुक्रवार, १४
चारला पुन्हा फोन. म्हणाला, ताईला खरं सांगा, म्हणजे मला उतरता येईल.
सांगायचं ठरवलं. ती चहा घेऊन आली. मी म्हणालो — साखर कमी आहे.

शनिवार, १५
आज मी फोन उचलला नाही. वाजतच राहिला. हिने उचलला.
बराच वेळ ऐकत होती — हुंकार देत, धाकट्याचं गाऱ्हाणं ऐकावं तशी. रडली नाही. मग मला म्हणाली, पॅनेलच्या मागे कोणी अडकलंय का, जरा बघून या.
आलोय. कोणी नाही. जागा इतकीच की वही छातीशी धरून लिहावं लागतंय. तांब्याच्या पट्ट्या — यांना काहीच जोडलेलं नाही, तरी गरम — गुणगुणताहेत —
पॅनेलमागचं जाळीचं दार बाहेरून लागलंय. हाक मारली. मी आत आहे म्हटलं. तिने ऐकलं, वळून पाहिलंसुद्धा —
फोनवर सांगते आहे, काम झालं, लाइनवर कोणी नाही, आता मी दांडा