या टायरपुरतं

४ नोव्हें., मंगळवार
अकोल्याहून परत येता येता महानच्या अलीकडे मीटरमधला पिवळा दिवा लागला. मले दिसला नाही. शोभाले दिसला. डायलिसिस करून आली की बायको माही डोळे मिटून पडून राह्यते, तरी दिवा तिलेच दिसते. "अजी, तो घोड्याच्या नालासारखा दिवा लागला पाहा."

गाडी प्रवीणची. पोरगा पुण्याले. आईच्या अकोल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या तवा दोन वर्षांमागं इथं आणून ठेवली, सोता तिकडं मोटारसायकलनं ड्युटीवर जाते. तिच्या हरेक चाकात म्हणे एक सेन्सर आहे, हवा कमी झाली की तो दिवा लावते.

हळूहळू शेलूबाजारले आणली, चौकात कय्यूमभाईच्या टायरच्या दुकानावर. मागच्या डाव्या चाकात खिळा निघाला. हवा भरली, दिवा गेला. मंग कय्यूमभाईनं चारी टायरवरून हात फिरवला. "भाऊ, निरे गोटे झाले. चारी बदला. याच्यावर भाभीले नेऊन राह्यले तुमी?"

शोभा आतूनच म्हणे, "चाकाचाबी बीपी पाहते का हे गाडी? माह्यासंगं फिरून फिरून तिलेबी दवाखान्याची सवय लागली."

कय्यूमभाई हसला, मीबी हसलो. त्याच हसण्यात ती म्हणे, "नवे नोका टाकू. माह्यापुरते हे पुरतात."

तशीच गाडी घरी आणली.

५ नोव्हें., बुध
सकाळी तिचा डावा हात पाह्यला. रोज पाहतो. तिथं शीर जोडून देली आहे, बोट ठेवलं की आत भुंग्यासारखं गुणगुणते. गुणगुणते तोवर मशीन चालते, असं तिथल्या सिस्टर सांगतात. आज गुणगुणत होतं.

मेथी काढली. वाफ्यातला सांबार अजून बारीक आहे, कोथिंबीर निघाले वेळ आहे. प्रवीणचा फोन आला, टायरचं सांगतलं. म्हणे बाबा, उद्याच टाका, मी पैसे पाठवतो. शो. नं माह्या हातातून फोन ओढला. "तुह्या बापाले वावरात काम उरलं नाही, गाडीचे पाय चेपून राह्यला. तू जेवला का?" मंग वीस मिनिटं जेवण्याचंच चाललं. टायर राह्यले बाजूले.

७ नोव्हें., शुक्र
अकोला. मशीनवर बीपी उतरला, पायात गोळे आले. सिस्टरनं चादर पायावर टाकली, मी पाय दाबत बसलो.

परत येताना बार्शीटाकळी सुटल्यावर म्हणे, "सिस्टरले इचारलं मी. हे बंद केलं तं किती दिवस."
मी म्हटलं, असं काहून विचारलं.
"तिनं सांगतलं नाही. पन तिचं तोंड पाह्यलं मी."

मंग जरा वेळानं, "थकली अजी मी. मंगळवार आला का शुक्रवार, शुक्रवार गेला का मंगळवार. मधातला दिवस झोपण्यात. पानी मोजून, मीठ नाही, काही नाही. माहं अंग माहं राह्यलंच नाही."
अन् मंग ते. "या टायरवर जितकं जानं होते तितकं जाऊ. हे गेले का बस. नवे टाकाचे नाही."
"हे काय बोलणं झालं शोभा?"
"बोलनंच झालं. हाव म्हना."

मी हाव म्हटलं नाही, नाहीबी म्हटलं नाही. समोर कापसाचा ट्रक होता. ओव्हरटेक न करता त्याच्याच मागं मागं घरापर्यंत आलो.

९ नोव्हें., रवि
गाडी हलवत नाही. मेथी शेजारच्याच्या ऑटोत पाठवली. तो म्हणे काका, दारात गाडी उभी अन् ऑटो कायले? आता काय सांगू त्याले. टायर झिजते म्हणून सांगू?

दोन येळा हवा पाह्यली. कडूनिंबाच्या सावलीत लावली, टायरवर ऊन नोको म्हणून गोणपाट टाकले. शो. बाजेवरून पाहत होती. म्हणे, "गोनपाट मेथीले लागतात."
तिले समजलं. मले लाजल्यासारखं झालं, तरी गोणपाट काढले नाही.

१० नोव्हें., सोम
डोक्यात तेच. कोणी माणूस टायरवर जीव लावते का? पण तिनं लावला. अन् बोलली की बोलली. लग्नाच्या वर्षी म्हणाली होती, तुमच्या घरात चहा फार गोड करतात, मी नाही पिणार. नाही पेली आजवर.

११ नोव्हें., मंगळ
गेलो, आलो. इतकी हळू चालवली का मागचे हॉर्न देऊन देऊन थकले. उशीर झाला, सिस्टर रागावल्या, बरोबरच आहे त्यायचं. हरेक खड्डा बाजूनं काढला.

येताना हवा पाहाले कय्यूमभाईकडे थांबलो. तो पुढच्या उजव्या चाकापाशी बसला तो उठेचना. मंग मले बाजूले घेतलं. "भाऊ, तार दिसून राह्यली. हे आता रस्त्यात फुटन. मी याच्यात हवा भरनार नाही, मले गुनेगार नोका करू."
शो. झोपली होती. का झोपल्यासारखं केलं, मालूम नाही.

शुक्रवारी जाताना फुटला तं दोघंबी जातो. नाही गेलो तं ती जाते. अन् नवे टाकले तं ती गाडीत बसत नाही. मी कुठून कुठं पाहू?

१३ नोव्हें., गुरु
टाकले. चारी.

मेथी घेऊन जातो म्हणून सांगतलं अन् गाडी काढली. शेलूबाजारपर्यंत हळूच नेली.

तीन चाकं बरोबर झाले. चौथ्याले, मागच्या डाव्याले, घोळ झाला. टायर सोडवाच्या मशीनचा जबडा नेमका व्हॉल्व्हपाशी बसला अन् आत कट्ट झालं. काढून पाह्यलं तं सेन्सरचे दोन तुकडे. काड्याच्या पेटीएवढी वस्तू. कय्यूमभाई डोक्याले हात लावून बसला. "माह्या हातानं गेलं भाऊ. आपल्याकडच्या गाड्यायले हे नसते, तीन चाकं ध्यानात ठेवलं अन् चौथ्याले इसरलो. अकोल्याहून मांगवतो, माह्याकडून. चार-पाच रोज लागतीन." तोवर साधा व्हॉल्व्ह बसवून देला. म्हणे टायरले काही होत नाही, फक्त लांब चालवली का दिवा लागन. नवा सेन्सर आला का त्याचा नंबर गाडीले शिकवा लागते, तवा जाईन.

जुने टायर फेकू का म्हणे. नोको म्हटलं. काहून नोको म्हटलं कोणाले मालूम.

नवे टायर काळेभोर, वर रबराचे बारीक केस. शो. ले उंबरठ्यावरून दिसले असते. वावराच्या बांधावर गाडी थांबवली, पाटाच्या पाण्यात माती कालवली अन् चारी टायर लेपून काढले. साठीचा माणूस, पोट्ट्यासारखा चिखलात बसलेला. केस दिसले ते नखानं तोडले. वाळल्यावर पाह्यलं, जुन्यासारखे वाटत होते. मले वाटले.

१४ नोव्हें., शुक्र
सकाळी गाडीत बसली. टायरकडे पाह्यलं नाही. मी मनात म्हटलं, जमलं.

महानच्या अलीकडे दिवा. आधी मिचमिच मिचमिच, मंग लागलेलाच. या वेळी मलेबी दिसला. मी चालवत राह्यलो.
"अजी, दिवा."
"असू दे. हवा आहे."
"थांबवा."
"शोभा, उशीर होते."
"थांबवा म्हनलं न."

दाराले धरून उतरली. मी म्हटलं मी पाहतो, तू बस. ऐकते का? मागच्या चाकापाशी गेली, वाकता येत नाही तिले, तरी वाकली. नखानं माती खरडली. आतून कोरं रबर निघालं. एक केस राह्यलाच होता, तो चिमटीत धरून माह्याकडे पाह्यलं.
"हे कवा केलं?"
"काल."
"अन् माती?"
ती रागावली असती तं बरं झालं असतं. गाडीत बसली, पदर नीट केला. "फिरवा."
"तिकडं मशीन लावून वाट पाहत असतीन गं."
"मी तुमाले दोन वर्षांत काही मांगतलं का? हे एकच मांगतलं. फिरवा."

फिरवली मी गाडी. सगळा रस्ता तो दिवा डोळ्यासमोर. काहून फिरवली? तिचं ऐकलं म्हणू का हात टेकले म्हणू. दवाखान्यातून फोन आला, काहून नाही आले. मी म्हटलं गाडी खराब झाली.

१५ नोव्हें., शनि
बोलत नाही असं नाही. मीठ कुठं आहे, गाईले पाणी पाजलं का, सगळं बोलते. तेवढंच बोलत नाही.

प्रवीणले सांगतलं. तो रडाले लागला फोनवर. येतो म्हणे. शो. ले फोन देला तं म्हणे, "सुट्ट्या वाया घालू नोको."

१६ नोव्हें., रवि
पाय सुजले. आडवं पडलं का दम लागते, म्हणून भिंतीले टेकून बसते. तशा अवस्थेत मेथीच्या जुड्या बांधल्या. मी नोको म्हटलं तं म्हणे, "हात खाली राह्यला का डोकं चालते."

मी समोर बसलो. म्हटलं, राग माह्यावर काढ, जीवावर कायले काढते?
"राग नाही."
"मंग?"
"थकली म्हनून सांगतलं न."
म्हटलं शोभा, मले तुह्याबिगर जमत नाही. इतक्या वर्षांत हे कधी बोललो नोतो, तोंडातून आलं अन् मंग रडूच आलं मले. आवरेना. तिनं पाह्यलं. जुडी बांधत राह्यली. जरा वेळानं पाण्याचा गिलास माह्याकडे सरकवला, तिच्या मोजणीतला.

१७ नोव्हें., सोम
कय्यूमभाईचा फोन. सेन्सर आला.
शो. म्हणे, "कोनाचा व्हता?"
सांगतलं.
"मंग घ्या बसवून."
"बसवून काय करू? कोणाले नेऊ?"
म्हणे, "तुमाले दिवा दिसत नाही. मीच सांगून राह्यली आजवर. तो असाच लागलेला राह्यला तं खरी हवा कवा गेली कसं समजन तुमाले? एकट्याले चालवा लागन. नीट करून घ्या."

एकट्याले म्हणाली. असं म्हणाली जसं उद्या भाजीत काय टाकू. मी उठून बाहेर गेलो, वांग्यात पाणी सोडलं. पाणी कुठल्या कुठं गेलं, बांध फुटला तरी ध्यान नाही.

उद्या मंगळवार.

१८ नोव्हें., मंगळ
कय्यूमभाईच्या दुकानात स्टुलावर बसून लिहून राह्यलो.

सकाळी हात पाह्यला. गुणगुणते अजून. तिनं ओढून घेतला नाही. मी एकटाच निघत होतो तं म्हणे, "मलेबी न्या. घरात दम कोंडते." तोंड सुजलेलं, तरी वेणी घातली. उचलल्यासारखंच करून पुढच्या शिटवर बसवली. दिवा लागलेलाच. त्याच्याकडे पाहत आली.

इथं आल्यावर दार उघडं ठेवा म्हणे. पाहून राह्यली. कय्यूमभाईनं या वेळी व्हॉल्व्हच्या जागी खडूनं खूण केली अन् मंग जबडा लावला. ती म्हणे, "कय्यूमभाऊ, आता घाबरू नोका. इसरते मानूस."

भिंतीपाशी आमचे जुने चार टायर. तिले दिसले. "हेच का ते?" कय्यूमभाईनं तारवाला उचलून जवळ आणला. तिनं त्या तारेवर बोट ठेवलं, मले म्हणे, "याच्यावर नेऊन राह्यलते मले?"
"तूच म्हटलं होतं."
"मी म्हनीन काहीबी. तुमी बसले असते न संगं."
मंग टायर दूर कर म्हणून हात केला. बराच वेळ शिटवर मान टाकून बसली.

नवा सेन्सर पाहाले मांगतला. तळहातावर घेतला, उलटापालटा केला. "याले सेल असते का?"
"हाव भाभी. आतच असते."
"किती चालते?"
"पाच-सात वर्षं आरामात."
ती हसली. पंधरवड्यात पह्यल्यांदा. हसता हसता खोकली, मंग सेन्सर त्याच्या हातात देला. "बसवा."

आता कय्यूमभाई चाक लावून राह्यला. मंग गाडीले नंबर शिकवाचा, मंग झालं. चौकातून सरळ गेलं का अकोला, मागं वळलं का घर. मशीनची वेळ अजून गेली नाही.

मागच्या शिटवर तिची चादर आहे, घडी केलेली. मशीनवर थंडी वाजते म्हणून नेते ती. शुक्रवारपासून गाडीतच राह्यली का आज तिनं घेतली, मले काही आठवत नाही. नट आवळून झाले की तिलेच विचारतो, सरळ का मागं.