बुधवारचे तेरा

ती. दादास,

सा. न. एवढं आईला वाचून दाखव: मी मजेत आहे, दोन्ही वेळा जेवते, खोलीला खिडकी आहे. पुढचं तू एकट्याने वाच.

आमच्या औषधांच्या गोदामात कोल्ड रूमच्या दारावर तक्ता असतो. रोज आतलं तापमान बघून लिहायचं. आठच्या वर गेलं की औषध वाया. पण इथे सोमवारीच आठवडाभराचं 'पाच' लिहून मोकळे होतात. बुधवारी मी आत जाऊन बघितलं, तर तेरा! पाच खोडून तेरा लिहिलं. अख्खा साठा फेकावा लागला.

साहेब भडकले, "तुला नसता शहाणपणा कुणी सांगितला होता?"

म्हटलं, "तक्त्यानेच. वर लिहिलंय, रोज बघा."

आता मला खोकी चिकटवायला बसवलंय. पाठ जरा दुखते, बाकी काही नाही.

तू फोनवर म्हणालास, माफी मागून टाक, सगळे करतात तसं करावं. नाही मागणार, जा!

आईचं इन्सुलिन तूच आणतोस ना? त्या दुकानातल्या फ्रिजवरही तक्ता असेल. आजच्या तारखेपुढचा आकडा बघ, आणि उद्याच्या तारखेपुढेही बघ. तिथे आकडा दिसला, तर मला कळव, माफी कुणी मागायची ते.

तुझी हट्टी,
धाकटी