तळ्यात सोडलेले पाहुणे

४ जुलै

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पाळीव प्राण्यांच्या दुकानाची कीर्ती आमच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचली. तुमच्या तळ्यातले बेडूक तपासायला आले आहेत. त्यातले हिरवे परदेशी मी चिरून पाहिले; फुप्फुसं बारीक जंतांनी भरलेली. त्यांना ते सोसतात. आपल्याकडच्या चिमुकल्या बेडकांना मात्र तेच जंत लागलेत आणि ते दोन उड्यांत गळपटून काठावर मरतायत. असले परदेशी बेडूक तिथे तुझ्याशिवाय कोणी विकत नाही. तळ्यात तूच सोडलेस का, एवढंच कळव. अक्कल कुठे सोडलीस ते विचारत नाही.

आई माझ्याकडे मजेत आहे. तुझं कौतुक करायची तिची खोड काही जात नाही.

लोभ तूर्त बेताचाच आहे.

ताई

९ जुलै

ती. ताईस शि. सा. न.

पत्र मिळालं, अक्कलही मिळाली. हो, मीच सोडले. गिऱ्हाईक फिरकेना, मग काय पिशवीत गुदमरवू? पाण्यातला जीव पाण्यात सोडला, तर तुझ्या पांढऱ्या कोटाला एवढं काय झोंबलं? बेडकांची पोटं फाडतेस आणि तोरा असा, जणू तळं तुझ्या नावावर आहे! बायको म्हणाली, ताईंना एक बेडूक भेट पाठवा, बोलायला कोणीतरी होईल. मी म्हटलं, तो बिचारा दोन दिवसांत जीव देईल.

आईला नमस्कार. तुलाही, रीत म्हणून.

धाकटा

१५ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद, जेवढे उरलेत तेवढे.

तळ्याच्या अधिकाऱ्यांना तुझं नाव मीच कळवलं. आई माझ्याशी बोलत नाही. दुकान बंद होईल, रड हवं तर. पण ती माणसं बेडूक पकडण्यापेक्षा फोटोच जास्त काढतील. लहानपणापासून तुला बेडूक पकडायची एवढी एकच विद्या येते; ती घेऊन तळ्यात उतर. परदेशी तेवढे पकड आणि इकडे पाठव.

ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न.

दुकानाला टाळं लागलं. अभिनंदन. तुझे अधिकारी बूट भिजतील म्हणून काठावरूनच हुकूम सोडतात. चिखलात मी एकटा. परदेशी पोतंभर पकडले, तरी रोज नवे दिसतात. सगळे निघतील असं वाटत नाही.

काल आपल्याकडचा एक चिमुकला हाताला लागला. मूठ उघडली, आता उडी मारेल म्हणून वाट पाहिली. पाण्यात माझे पाय बधिर झाले, तरी तो तळहातावर तसाच बसून.

त्याला घरी आणलंय. औषध असतं का गं? टोमणा मारायचा तर मार, पण आधी उत्तर लिही.

अजून रागावलेला,
धाकटा