पासिंगपुरती चाकं

शहादा,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय रूपा,

आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअपवरून मला हाकलून दिलंयस, तेव्हा पोस्टमनला मध्ये घातलाय. पत्र फाडायचं असेल तर वाचून फाड, एवढीच विनंती.

आई कळसाडीत मजेत आहे. कापूस वेचायला बाया मिळत नाहीत म्हणून सकाळपासून गल्लीतल्या कोणावर तरी ओरडत असते, म्हणजे तब्येत ठणठणीत. तुझ्या वहिनीचं नेहमीचंच. प्रेसवर लग्नपत्रिकांचा हंगाम आहे. निम्म्या पत्रिकांत काकांची नावं राहून जातात आणि शिव्या मला बसतात.

माझी व्हॅन पास झाली, हे तुला कळलं असेलच. पंधरा वर्षं पुरी झाली की सरकारला गाडी परत दाखवावी लागते, जशी आपल्याकडे मुलगी दाखवायचे. तीच तऱ्हा. नंदुरबारच्या मैदानावर सकाळी आम्ही सगळे आपापल्या म्हाताऱ्या नटवून उभे होतो. कोणी दरवाज्याला रंग फासलेला, कोणी हेडलाइट दुसऱ्याच्या गाडीतून काढून आणलेला. माझ्यामागच्या छगनच्या टेम्पोचा हॉर्न वाजेना, तर त्याने शेजारच्याला डोळा मारला. साहेब ‘वाजव’ म्हणाले आणि शेजारच्याने वाजवला. साहेब तेवढे बहिरे नव्हते. छगन परत गेला.

माझ्या गाडीशी साहेब वाकले, चाकांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “गाडीपेक्षा टायर फारच तरुण आहेत हो.” मी म्हणालो, “साहेब, दुसरेपणाचे आहेत.” मैदानभर हशा पिकला. ब्रेक, दिवे, धूर सगळं ठीक होतं. गाडी पास.

तो हशा मी आठवडाभर लोकांना सांगत फिरलो. आता पुढचं सांगतो.

ती चाकं तुझ्या नवऱ्याची, भरतरावांची होती.

तुला हे माहीत नाही. भरतरावांनी सांगितलेलं नाही, आणि मी विचारलं नसतं तर कधी सांगणारही नव्हते. आपल्याकडे पासिंगला चाकं मागून नेतात, त्यात कोणाला काही वाटत नाही, कढई मागावी तसं. दोघांच्या व्हॅन एकाच बनावटीच्या. दिवाळीची सुट्टी, शाळा बंद, मुलांना ने-आण करायची त्यांची फेरीही बंद, म्हणून मी तुमच्याकडे पुरुषोत्तमनगरला आलो. तू तेव्हा माहेरी, आईकडे फराळाला गेली होतीस. आम्ही दोघांनी जॅक लावून चाकं बदलली. त्यांची नवी माझ्या गाडीला, माझी घासून गुळगुळीत झालेली त्यांच्या गाडीला. वेळ पडलीच तर गाडी हलवता यावी, एवढ्यासाठी. पासिंग झालं की त्याच दिवशी परत, असं ठरलं होतं.

मी परत केली नाहीत.

पास झालो म्हणून मित्र म्हणाले, तोरणमाळला चला. गेलो. आल्यावर प्रेसमध्ये काम साचलं होतं. भरतरावांचा फोन आला, “भाऊ, सोमवारले शाया शे. चाकं जोयजेत.” सोमवारी शाळा उघडणार, तरी मी म्हणालो, उद्या. मंगळवारी परत फोन. मी परत ‘उद्या’च म्हणालो, आणि हसत म्हणालो, “एवढी काय घाई, मुलं काय विमानातून न्यायचीत का?” त्यांनी ‘बरं भाऊ’ म्हणून फोन ठेवला. मोठ्या मेहुण्याला कसं बोलायचं?

तू म्हणशील, चाकं धड नव्हती तर त्यांनी गाडी उभी ठेवायची. दोन रात्री मीही हेच म्हणून झोप काढली. पण गाडी उभी ठेवली असती तर तू विचारलं असतंस, का? आणि त्यांना माझं नाव सांगावं लागलं असतं.

बुधवारी ते पावसाचे चार शिंतोडे आले. वळणावर पुढे उसाची ट्रॉली थांबली, भरतरावांनी ब्रेक मारला आणि गाडी घसरत गेली. ट्रॉलीच्या उसाची टोकं काचेला लागली, तेव्हा थांबली. आत पोरं होती. पुढच्या सीटवर आपली सीमा होती. हे तुला माझ्याकडून ऐकायची गरज नाही, तिला कुशीत घेऊन रात्रभर तूच बसली होतीस.

त्या संध्याकाळी कुणा पालकाने चाकाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत माझ्याकडे आला. टायरच्या बाजूला लाल ठिगळ दिसत होतं. ते ठिगळ मी स्वतः मारून घेतलंय, रूपा. मी ओळखलं.

आणि तरी मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी साप्ताहिकाला माझ्या सदराचा मजकूर द्यायचा होता. प्रेसवर सगळे तोच फोटो बघत होते, म्हणत होते, नवनीतभाऊ, याच्यावर हाणा. नाही म्हणालो असतो तर कोणीतरी विचारलं असतं, का नाही? तेवढ्या एका प्रश्नाला मी घाबरलो. नाव घातलं नाही, एवढं सोवळं पाळलं. मागच्या काचेवरच्या रेडियमच्या अक्षरांबद्दल मात्र लिहिलं. ते वाक्य तुला पाठ असेल. मलाही आहे. ‘काचेवर लेकीचं नाव, आणि चाकांत लेकीचा जीव टांगलेला.’ चांगलं वाक्य आहे. लोकांनी फोन करकरून सांगितलं. भरतरावांना साखर कारखान्याच्या गेटवर लोक आता तेच वाक्य ऐकवतात आणि तूही त्यांच्याशी बोलत नाहीस, हे मला आईकडून कळलं. तुला वाटतं, टायरचे पैसे वाचवायला बापाने स्वतःची पोर पणाला लावली. तू असं समजावंस, हे माझ्या लेखणीने केलं.

पेपर आला त्या रात्री मी त्यांची चाकं नेऊन दिली, माझी परत घेतली. अंगणात, दिवा न लावता. तू आत होतीस. मी म्हणालो, मी सगळ्यांना सांगतो. ते नट पिळत होते, वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “ऱ्हाऊ द्या भाऊ. तुम्हनं नाव खराब व्हयनं तं पेपर कोन वाची? मन्हं काय, मी डायवर माणूस.” हे टोमणा म्हणून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

काल मी सीमाच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं की ती चाकं माझी होती, भरतरावांची फेरी काढू नका. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग हसल्या. म्हणाल्या, “बहिणीच्या संसारासाठी भाऊ एवढं अंगावर घेतो, आजच्या काळात असं कुठे बघायला मिळतं?” आणि शिपायाला चहा सांगितला.

मी तो चहा प्यालो, रूपा.

म्हणायला हवं होतं, बाई, मी थोर नाही, मी खरं सांगतोय. म्हणालो नाही. वर त्यांनी ‘लिहीत राहा’ म्हटलं, तर मी मान डोलावली. दारापर्यंत सोडायला आल्या होत्या.

शनिवारी पालकांची बैठक आहे. फेरी दुसऱ्याला द्यायची की नाही, ते त्यात ठरणार. तोंडी बोललो तर पुन्हा थोरच ठरेन, म्हणून ते ठिगळाचं चाक काढून घेतलंय. शहाद्याच्या स्टँडवरून एसटीने आणणार. कंडक्टर त्याचं तिकीट काढेल, ओळखीचे लोक विचारतील, आणि प्रत्येकाला मी सांगणार की हे कोणाचं आहे. शाळेच्या व्हरांड्यात ते ठेवीन. पालकांच्या मोबाइलमध्ये फोटो आहेच, बघू दे ताडून. मग कोणी चहा विचारणार नाही.

तू बैठकीला ये असं म्हणत नाही. मला माफ कर, असंही आज म्हणणार नाही, ते स्वस्तात पडेल. हे पत्र वाचून झालं की उठ आणि भरतरावांना जेवायला वाढ. वाढताना त्यांच्याशी बोल. माझ्याबद्दल जे बोलायचं ते दोघं मिळून बोला.

सीमाला मात्र तू सांगू नकोस. तिच्या बापाचा दोष नव्हता, हे तिला मामानेच तोंडाने सांगायला हवं. शनिवारी तेवढ्यापुरतं दार उघड.

ज्याने तुझ्या नवऱ्यावर लोकांना हसवलं, तो तुझा भाऊ,
नवनीत